रांगेतलं घर

अमोल नेमकं काय काम करतो, हे चांदवडजवळच्या त्याच्या गावात कुणालाच धड सांगता येत नसे. नाशिकला इंदिरानगरात भाड्याने राहतो, रोज मोटरसायकलवरून हायवेच्या नव्या पार्कात जातो, इथवर ठीक. पुढे गाडी अडायची.

"तो रांग करतो," त्याचे वडील केरूनाना सांगत.

"कसली रांग? रेशनची?"

"नाय हो, झोक्याची. लोक झोक्यात बसायच्या आधी जिथं उभे राहत्यात ना, ती जागा हा सजवतो."

यावर ऐकणारा मान हलवायचा आणि "लागेल हो चांगली नोकरी, पोरगा हुशार हाय," असा धीर द्यायचा.

खरं तर ते काम सोपं नव्हतं. पार्कात 'भुताची भरारी' नावाची राइड होती. अंधारात एक छोटी आगगाडी गरकन फिरते, दोन-चार हडळी अंगावर येतात, तोंडावरून एक ओलं फडकं जातं आणि खेळ खलास. एवढ्यासाठी लोक रविवारी दीड-दीड तास उभे राहत. ते उभं राहणंच असं करायचं की राइड इथूनच सुरू झाली असं वाटावं, हे अमोलचं काम. वर्षभर खपून त्याने पिंपळाचा पार केला, विहीर केली, आणि शेवटी एक पडीक घर केलं: ओसरी, माजघर, स्वयंपाकघर. दगड फायबरचे, धूळ रंगाची, आणि कोपऱ्याकोपऱ्यातली जाळी तर अशी की एखादा खरा कोळी चुकून आपलं घर समजून मुक्काम करेल.

मालक यादवशेठ मात्र नाखूश होते. "लोक इथं बसायला येतात का उभं राहायला?" ते म्हणत. "एवढ्या जागेत एक रसवंती बसते, एक मोमोवाला बसतो. ते काही नाही. रविवारी मी स्वतः रांगेत उभा राहतो. पटलं तर ठेवू, नाहीतर सोमवारी जेसीबी."

अमोलच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने त्याच रविवारी घरच्यांना बोलावून घेतलं. जेसीबी लागण्याआधी आपलं काम आईने एकदा बघावं, एवढीच त्याची इच्छा होती. आत काय आहे ते मात्र त्याने सांगितलं नाही. म्हणाला, "बघशील तेव्हा कळेल."

आले तिघं. त्याची आई कुसाबाई, केरूनाना आणि कुसाबाईंची धाकटी जाऊ साळूबाई. दोघी जावांच्या चुली वेगळ्या होऊन जमाना झाला होता. जुनं मातीचं घर पाडून शेजारीशेजारी दोन स्लॅबची घरंही झाली होती. तरी साळूबाई सहज म्हणून आल्या की बोलता बोलता फळीवरून बोट फिरवत आणि मग त्या बोटाकडे बघत. बोलत काही नसत. त्या बोलत नसत म्हणूनच कुसाबाईंना रात्र-रात्र झोप येत नसे.

मोठ्या पाळण्यातून उतरल्यावर साळूबाईंचं डोकं गरगरायला लागलं. "तुम्ही व्हा पुढं," त्या म्हणाल्या, "मी सोडा पिऊन येतेच."

कुसाबाई आणि केरूनाना रांगेत शिरले. पार मागे पडला, विहीर मागे पडली, आणि वळणावर कुसाबाई अशा थबकल्या की मागच्या बाईचा पॉपकॉर्न त्यांच्या पाठीवर सांडला.

"अहो, ही आपली ओसरी हाय."

"आपली कशी असंल?"

"मग त्या खांबाला खाच कुणी पाडली? तुम्हीच ना? विळा टांगायला?"

केरूनानांनी खांबावरून हात फिरवला. खाच तिथेच होती. उंबरठा तोच, कोनाडा तोच, माजघरातल्या उतरंडीवरचं सगळ्यात वरचं मडकं तसंच किंचित कलतं. मग त्यांनी ओसरीवरच्या बाजेकडे पाहिलं. तिच्यावर एक हाडांचा सापळा पाय पसरून बसला होता.

"हा कोण माझ्या जागेवर?" म्हणत त्यांनी सापळ्याला उचलून भिंतीला टेकवलं आणि स्वतः बाजेवर बसले.

कुसाबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांना आता जाळी दिसली होती. आढ्याला जाळी, कोनाड्यात जाळी, चुलीवर बोटभर धूळ, आणि दारावर पाटी: 'सावधान! या घरात कुणी राहत नाही.' ज्या घरात त्यांनी उभी हयात सारवणात घालवली, त्या घराची ही दशा. आणि सोडा पिऊन साळूबाई कुठल्याही क्षणी येणार. बोट घेऊन.

"अहो, उठा! साळू यायच्या आत हे काढाया पाहिजे."

"अगं, खोटं हाय ते सगळं."

"घर खोटं असंल. नाव तर माझंच जाईल ना? ती उद्या चांदवडच्या बाजारात सांगत सुटंल, कुसाबाईच्या घरात भुतं राहत्यात म्हणून!"

दाराआड सजावटीची केरसुणी टेकवलेली होती. कुसाबाईंनी पदर खोचला आणि पहिलं जाळं खाली आलं.

मागे नाशिक रोडच्या एका भिशीतल्या बायका होत्या. त्यांना आधी हा राइडचाच भाग वाटला. पण एक वयस्कर बाई टाचा उंचावून आढ्यापर्यंत हात पुरवते आहे आणि आपण नुसतं बघत उभं राहायचं, हे कुठल्याही बाईला जमत नाही.

"मावशी, द्या इकडे. माझा हात पुरतो."

"पाहुणे येणार आहेत का?"

"जाऊ येणार हाय," कुसाबाई म्हणाल्या. 

एवढं पुरलं. त्यापुढे कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. कुणी पाण्याच्या बाटल्या ओतल्या, कुणी ओढण्या ओल्या केल्या. वर्षभर खपून रंगवलेली धूळ घासून निघू लागली. दोन उंच कॉलेजकुमारांनी वटवाघळं उतरवली. कुसाबाईंनी जातं सरकवायला हात घातला तर ते सुपासारखं वर आलं. घाईत त्यांना तेही विचित्र वाटलं नाही.

त्याच वेळी अमोल यादवशेठना पारापाशी पिंपळाची पानं दाखवत होता. फोन वाजला. राइडच्या दारावर काम करणारी निकिता बोलत होती.

"अमोल, तुझी आई सेट झाडतेय."

"काय?"

"झाडून झालं. आता पुसतेय."

अमोलने शेठना विहिरीपाशी थोपवून धरायचा प्रयत्न केला. "शेठ, हिच्यात वाकून बघा, खोल वाटते ना?" पण शेठ वाकले नाहीत. ते तडक घरात शिरले.

घर लखलखीत झालं होतं. चुलीपाशी कुणीतरी ओल्या खडूने स्वस्तिक काढलं होतं. सापळा केरूनानांच्या शेजारी शहाण्या पाहुण्यासारखा बसला होता आणि भिशीतल्या दोघीजणी त्याच्या फासळ्यांवरची धूळ झटकत होत्या.

"हे भुताचं घर आहे का दिवाळीचं?" शेठ ओरडले.

"आई!" अमोलचा आवाज फुटला. "काय केलंस हे? माझं वर्षभराचं काम होतं गं."

"आणि माझं जन्माचं," कुसाबाई केरसुणी घेऊन वळल्या. "मला एक सांग. भूत म्हटलं की तुला माझंच घर आठवलं?"

शेठ समोर आहेत हे विसरून अमोल म्हणाला, "तसं नाही. कामच असं होतं, लोक तासभर उभे राहिले तरी वेळ गेलेला त्यांना कळता कामा नये. अशी जागा मला एकच माहीत होती. घर पाडलं तेव्हा मी होस्टेलला होतो. बघायलाही मिळालं नाही. भुतं नंतर टाकली, पगार त्यांचाच मिळत होता."

कुसाबाईंच्या हातातली केरसुणी खाली आली. आपल्या मुलाने पाडलेलं घर आठवून आठवून पुन्हा उभं केलं आणि आपण त्याला आल्या आल्या बोललो, याचं त्यांना फार वाईट वाटलं. त्या काहीतरी बोलणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"सरा, सरा. माझी माणसं पुढं हायेत."

साळूबाई आत आल्या. भिशीतल्या बायकांनी श्वास रोखला. साळूबाईंनी चौफेर पाहिलं, कोनाड्यापाशी गेल्या आणि बोट फिरवलं. बोट स्वच्छ. त्यांनी ते उजेडात धरलं. तरीही स्वच्छ. भिशीतली एक बाई हळूच म्हणाली, "झालं बाई."

पण साळूबाई बोटाकडे बघतच राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "सासूबाई इथंच निवडायला बसायच्या," त्या म्हणाल्या. "काय हुबेहूब केलंय रे पोरा." मग त्या माजघरातून पलीकडे जायला निघाल्या आणि भिंतीवर आपटता आपटता राहिल्या. "अमोल, माझी खोली कुठंय?"

"काकू, ती... जागा पुरली नाही."

"जागा पुरली नाही! वाटणीच्या वक्तालाही हेच ऐकवलं होतं. नकली घरातसुद्धा माझा वाटा खाल्ला!"

"कुणी खाल्ला गं?" कुसाबाई पुढे झाल्या. "परसाकडचं दार कुणाला गेलं? तुलाच ना?"

"दार गेलं, पण न्हाणी ठेवून घेतली!"

भांडण रंगलं. केरूनानांनी मध्ये बोलायचा एकदा प्रयत्न केला आणि मग सापळ्यासारखेच भिंतीला टेकून बसले. रांगेतले लोक ओसरीवर, उंबरठ्यावर, जात्यावर, जिथे जागा मिळेल तिथे बसले. विहिरीपासून आवाज आला, "अहो, जरा मोठ्याने! इथं ऐकू येत नाही!"

तेवढ्यात निकिता पळत आली. "शेठ, गाडी केव्हाची रिकामी फिरतेय. आत यायला कुणी तयारच नाही."

शेठनी घड्याळ पाहिलं. रांगेकडे पाहिलं. रविवारची एवढी गर्दी, पण पुढे सरका म्हणणारा एक माणूस नव्हता. आपण स्वतः मघापासून पाट ओढून त्याच्यावर बसलो आहोत, हेही त्यांच्या आत्ता लक्षात आलं. त्यांनी घसा खाकरला.

"काकू, तुमची खोली केवढी होती?"

"दोन खणांची."

"मागं जागा पडून आहे. अमोल, बांधून टाक. रसवंतीचं नंतर बघू."

अमोलचा जीव भांड्यात पडला. साळूबाईंनी मात्र हात वर केला. "थांबा. हिच्यापेक्षा एक खण जास्त पाहिजे. इतक्या वर्सांचं व्याज."

"देऊ. पण काकू, राइड भुतांची आहे. इथली जाळी तर गेली. आता भुतं, हडळी, काय असेल ते सगळं तुमच्या खोलीत टाकावं लागेल."

"आता बोल!" कुसाबाई हरखून म्हणाल्या. "घेतीस का हडळी घरात?"

साळूबाईंनी क्षणभर विचार केला. "घेते. असतील तेवढ्या टाका."

"शाब्बास," शेठ म्हणाले. "मग लोक थांबायचे ते तिथंच. फोटो, सेल्फी, सगळी गर्दी तुमच्याकडं. इकडची बाजू नुसती येण्याजाण्याला होईल."

साळूबाईंनी कुसाबाईंकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत.

कुसाबाईंनी आपल्या स्वच्छ घराकडे एकदा नजर फिरवली, खोचलेला पदर सोडला आणि अमोलला बाजूला घेतलं.

"का रे," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आपली जाळी उद्यापर्यंत परत लागतील का? जरा दाट लाव. आणि नानांच्या बाजूला बसलाय ना, तसला अजून एक मिळाला तर बघ."