अण्णांच्या निऱ्या

अण्णा पिंगळे कुठलीही गोष्ट पहिल्यांदा करायच्या आधी शंभर वेळा करत. हे वाक्य तुम्हाला चुकल्यासारखं वाटत असेल, तर तुम्ही अण्णांना ओळखत नाही, एवढंच.

त्यांनी स्कूटर घेतली तेव्हाची गोष्ट. नव्वद सालानंतरचे दिवस. इंदिरानगरात आमची बिल्डिंग नुकतीच उभी राहिली होती. समोर धड रस्ता नव्हता, पण द्राक्षाची बाग होती, आणि गच्चीवर गेलं की पांडवलेणीचा डोंगर दिसायचा. तळमजल्यावर आमचं दार आणि अण्णांचं दार समोरासमोर. तर स्कूटर आली, हार घातला, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता दाराबाहेर खडाड् खट, खडाड् खट सुरू झालं. आमच्या ह्यांनी उशी कानावर घेतली आणि मला बाहेर पिटाळलं. बघते तर अण्णा स्कूटर स्टँडवर चढवतायत, उतरवतायत. चढवतायत, उतरवतायत.

"अण्णा, काय चाललंय?"

"एकसष्ट झालं, ताई. एकोणचाळीस राह्यलं."

"अहो, पण चालवणार कधी?"

"चालवू की. आधी उभी तर करता आली पायजे."

आठ दिवस त्या स्कूटरने कंपाउंडच्या बाहेर तोंड काढलं नाही. नवव्या दिवशी अण्णा तिच्यावर बसले आणि थेट मखमलाबादपर्यंत जाऊन आले, कुठेही न अडखळता. म्हणजे पद्धतीत तथ्य होतं, हे मला मान्य करावंच लागलं. पण सकाळी सहाला कुणी मान्य करत नाही.

अण्णांचं मूळ मखमलाबादचं. घरचा भाजीपाला. लहानपणी मेथीच्या जुड्या बांधायचं काम त्यांच्याकडे, आणि वडील असे की बांधलेली जुडी हातात घेऊन झटकायचे. एक काडी जरी निसटली तरी सगळी सोडून पुन्हा बांध. पुढे सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर म्हणून लागले, तर तिथला उस्ताद वडिलांच्या वरताण. त्याने पहिले तीन महिने नुसती कानस धरायला लावली. लोखंड घासायचं नाही, फक्त कानस धरायची. अशा दोन माणसांच्या हाताखालून गेलेला मनुष्य तुमच्याआमच्यासारखा कसा राहील? "डोक्याला कळून उपयोग नाय ताई, हाताला कळाया पायजे," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून निदान हजारदा ऐकलं असेल. बहुतेक त्याचाही सराव चालला असावा.

कधी कधी सराव अंगाशी यायचा. मी तेव्हा बँकेत काउंटरला होते. अण्णा निवृत्त झाले आणि आता सह्या कराव्या लागणार म्हणून त्यांनी दोनशे पानी वही आणली. महिनाभर सही गिरवली. 'पिंगळे'तला 'ळ' असा काही वळणदार झाला की बघत राहावं. मग ते नवीन चेकबुक मागायला माझ्याच काउंटरला आले. मी जुनी सही काढून बघितली आणि अर्ज परत केला. जुळतच नव्हती.

"सही सुधारली म्हणून अर्ज परत?" अण्णा म्हणाले.

"नियम आहे, अण्णा. जुन्यासारखी करा."

"जुनी आता येत नाय," ते म्हणाले, आणि खरोखरच येत नव्हती. शेवटी साहेबांनी नवीन नमुना घेतला. बाहेर जाताना अण्णांचा चेहरा असा, की चूक बँकेची आहे पण ते मोठ्या मनाने विसरतायत.

दुसऱ्याकडून काम करून घेणं त्यांना ठाऊकच नव्हतं. केस स्वतः कापायचे, दोन आरसे समोरासमोर ठेवून. त्याची तालीम आधी नारळाच्या शेंड्यांवर झाली होती, आणि तरी पहिला महिना टोपीत गेला. बरं, दुसऱ्याचंही काम करून देत नसत. आमचा नळ गळायला लागला तेव्हा मी भाबडेपणाने त्यांना बोलावलं. ते आले, स्टूल ओढून बसले आणि पाना माझ्या हातात दिला. "फिरवा. उलटा नाय, सुलटा. आता काढा. परत बसवा. परत काढा." बाहेर सासरची माणसं चहाची वाट बघत होती आणि मी ओट्याशी घामाघूम होऊन नळ पंधराव्यांदा उघडत होते. त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण आज इतक्या वर्षांनीही माझ्या घरी नळवाला येत नाही, हेही खरं.

या सगळ्यावर उतारा म्हणजे लीलामावशी, अण्णांची बायको. तिला कशाचाच सराव लागायचा नाही. मीठ मुठीने, पीठ डोळ्याने, आणि सगळं पहिल्या फटक्यात बरोबर. अण्णांच्या तालमी चालू झाल्या की ती पदर तोंडाला लावून हसायची. "ह्यांनी माझ्याशी लग्न कसं काय केलं एकदम, देव जाणे," म्हणायची. "शंभरदा बोहल्यावर चढून बघितलं नाय ते."

आणि साडी नेसावी तर मावशीने. साधी घरातली सुती साडी, पण निऱ्या घडी घातल्यासारख्या सरळ आणि काठ पावलाबरोबर. बिल्डिंगमधल्या निम्म्या बायका लग्नकार्याला निघताना तिच्या दारातून पदर ठीक करून जायच्या. तिच्या बांगडीत कायम पाच-सहा सेफ्टीपिना अडकवलेल्या असत, आपल्यासाठी नाही, दुसऱ्यांसाठी.

पंचाण्णव-शहाण्णवच्या सुमारास मावशीला अर्धांगाचा झटका आला. जिवावरचं टळलं, पण डावी बाजू गेली. काही महिन्यांनी ती खिडकीचा गज धरून दहा मिनिटं उभी राहायला लागली, बोलणंही सुधारलं. पण अंगात गाऊन आला, आणि तो मावशीला सहन होईना. तिने खिडकीचा पडदा ओढून घेतला. दार वाजलं की आतल्या खोलीत जायची. एवढी बोलकी बाई, पण माझ्याशीसुद्धा दाराआडून बोलायला लागली.

त्यात मखमलाबादहून तिचा भाऊ पत्रिका घेऊन आला. त्याच्या मुलीचं लग्न, पंचवटीतल्या कार्यालयात. मावशी सख्खी आत्या, पोर तिच्या अंगाखांद्यावर वाढलेली. मावशीने पत्रिकेला हळदकुंकू लावलं आणि सांगितलं, "मी नाय येनार. सगळ्या गोतात हा झगा घालून येऊ का?"

मी लगेच म्हटलं, "मावशी, मी नेसवते ना साडी."

"एक दिवस नेसवशील, बाई. मग परत झगाच ना?" ती म्हणाली. "एका दिवसाची हौस कशाला?"

मला वाईट वाटलं, थोडा रागही आला. अण्णा तिथेच बसून पत्रिकेवरची तारीख बोटांवर मोजत होते.

त्यानंतर आठवड्याभरातली गोष्ट. सुट्टीचा दिवस होता. दुपारी मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले आणि जिन्याच्या दारातच थबकले. टाकीच्या सावलीत अण्णा उभे होते. वर बनियन, खाली लेंगा, ओठावर ती झुपकेदार मिशी, आणि लेंग्यावरून नेसलेली मावशीची जांभळी साडी. टाकीवर खडूने ओढलेल्या रेघा. मला बघून ते लाजतील, पळतील, निदान काहीतरी सबब सांगतील असं मला वाटलं. छे.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "जरा बघा, मागनं काठ वर जातो का?"

जात होता, चांगला चार बोटं. मी बादली खाली ठेवली आणि सांगायला पुढे झाले, तर त्यांनी हात वर केला. "शिकवू नका. नुसतं बघा. चुकलं की खोका."

म्हणून मी कठड्याला टेकून खोकत राहिले. डाव्या कमरेला खोचलं, खोकले. निऱ्या पाचच आल्या, खोकले. अर्ध्या तासात माझा घसा बसला. मग मी विचारलं, "अण्णा, मावशीला उभं करून तिच्यावरच का नाही शिकत?"

"ती दहा मिनिटं उभी राहते, ताई. त्या दहा मिनिटांत मी चुका करत बसू? तिला वाटंल, आपल्यापायी ह्या मानसाची काय दशा झाली." ते निऱ्या सोडत म्हणाले. "एकदाच उभी करायची आन् एकदाच नेसवायची. तिला सांगू नका."

मी नाही सांगितलं. पण गच्ची काय एकट्या माझी नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, अण्णांचं डोकं ठिकाणावर आहे ना. मी म्हटलं, तुमच्या यजमानांना साध्या रुमालाची घडी घालता येते का ते आधी बघा. बाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. रेघा शंभरावर गेल्या, दीडशेवर गेल्या. अण्णांच्या अंगावर साडी अशी बसायला लागली की मला हेवा वाटावा.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी तयार होऊन समोरच्या दारात गेले. दार उघडंच होतं, बाहेर रिक्षा उभी. आत मावशी उजव्या हाताने खिडकीचा गज धरून उभी होती, परकर-पोलक्यात, आणि अण्णा तिच्यासमोर गुडघ्यावर बसलेले. साडी मी नेसवतो, असं आदल्या संध्याकाळी त्यांनी तिला सांगितलं होतं आणि ती कशीबशी हो म्हणाली होती.

आणि अण्णांना काही जमत नव्हतं.

मला एका क्षणात कळलं काय झालंय ते. स्वतःच्या अंगावर शिकलेला मनुष्य. त्याचे हात नेसणाऱ्याचे झाले होते, नेसवणाऱ्याचे नाही. समोर बसल्यावर सगळंच उलटं. उजवीकडचं डावीकडे, निऱ्यांची तोंडं भलतीकडे. एकदा सोडल्या, दुसऱ्यांदा सोडल्या. तिसऱ्यांदा निऱ्या हातातून घसरून जमिनीवर पडल्या. अण्णांच्या हातून काही निसटलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

मावशीचे पाय भरून आले होते. "राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही जाऊन या. मी नाय येत."

मी पुढे झाले. "मावशी, दोन मिनिटं. मी करते."

"थांबा, ताई," अण्णा म्हणाले.

ते उठले आणि मावशीच्या मागे जाऊन उभे राहिले. तिची पाठ छातीशी घेतली, हनुवटी तिच्या खांद्यावर टेकवली, दोन्ही हात तिच्या कमरेभोवतून पुढे आणले, आणि डोळे मिटले. मग ते हात चालायला लागले. एक निरी, दोन निऱ्या, अंगठ्यावरून बोटावर, बोटावरून अंगठ्यावर, कुठेही न अडता. सात निऱ्या, एकसारख्या. खोचल्या. पदर तिच्या लुळ्या खांद्यावर चढला.

मधेच केव्हातरी मावशीने गज सोडून दिला होता. सहा-सात महिन्यांत ती बाई कशाला तरी धरल्याशिवाय उभी राहिली नव्हती. आता ती अण्णांच्या छातीला रेलून उभी होती, तिचेही डोळे मिटलेले. मी दारात हातात सेफ्टीपिन घेऊन उभी होते आणि मला रडू आवरत नव्हतं. माझ्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती, आणि मला त्या क्षणी मावशीचा चक्क मत्सर वाटला. खोटं कशाला बोलू.

रिक्षावाल्याने हॉर्न दिला. अण्णांनी डोळे उघडले, पण हात काढले नाहीत.

"घट्ट झालं का?" त्यांनी विचारलं.

"नाय." मग मावशी म्हणाली, "अहो, उद्या पन अशीच नेसवा."

"उद्या कुठं जायचंय?"

"कुठं नाय," मावशी म्हणाली.