कुंदाकाकूंची डिफरन्शियल इक्वेशन्स

आमच्या शनिवार पेठेतल्या बिल्डिंगमध्ये कुंदाकाकू स्वयंपाकाच्या ओट्यावर गणितं सोडवतात. काळ्या कडप्प्यावर पांढरा खडू छान उठतो म्हणून. कुकरशेजारी डीवाय बाय डीएक्स, पोळपाटाखालून डोकावणारं इंटिग्रल.

मी शेजारच्या फ्लॅटमध्ये राहते आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवते. एका सकाळी काकूंनी माझी बेल वाजवली.

"मृणाल, मला डिफरन्शियल इक्वेशन शिकव. पहिल्यापासून."

काकू टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या. बारावीपर्यंत गणित होतं, ते तिथेच सोडलेलं. मी म्हटलं, "काकू, अवघड आहे हो. माझे विद्यार्थी रडतात."

"रडू देत. मी कांदा चिरताना उरकून घेईन."

अवघड तर होतंच. "शाळेत एक्स काढा म्हटलं की पाच यायचं, विषय संपला. इथे पानभर झटापट करून उत्तरात परत एक्सच? मग आपण सोडवलं काय?" इथे उत्तर म्हणजे आकडा नसतो, अख्खं सूत्र असतं, हे पटायलाच कितीतरी दिवस गेले. वायवाली पदं डावीकडे, एक्सवाली उजवीकडे, हे मात्र चटकन जमलं. "म्हणजे मुलीकडचे इकडे बसा, मुलाकडचे तिकडे." काही समीकरणांत ती वेगळी करताच येत नाहीत म्हटल्यावर म्हणाल्या, "प्रेमविवाह दिसतोय."

मग 'समजा, उत्तर अमुक आहे' अशी सुरुवात करणारी रीत आली. काकूंनी खडू खाली ठेवला.

"उत्तरच समजून चालायचं तर गणित घातलं कशाला? मी सासूबाईंचंसुद्धा असं काही मानलं नाही!"

या वयात हे कशाला, असं विचारलं की तुटक उत्तर यायचं, "हल्ली शब्दकोडी फार सोपी असतात."

काकांना विचारा म्हणावं, तर तेही शक्य नव्हतं. काकांनी जन्मभर कॉलेजात हाच विषय शिकवला. गेल्या वर्षी पक्षाघात झाला आणि ते व्हीलचेअरवर आले. समजायचं सगळं, पण बोलणं थांबलं. मुलाचा परदेशातून फोन आला तरी खिडकीकडची मान वळवायचे नाहीत.

गेल्या रविवारी मी गेले तर दार उघडंच होतं. काकांची खुर्ची ओट्यापाशी, आणि काकू मोठ्यानं बोलत गणित सोडवताहेत. शेवटची ओळ लिहून त्यांनी हात झटकले. "झालं!"

उत्तरापुढचा 'अधिक सी', म्हणजे इंटिग्रल सोडवलं की शेवटी न चुकता जोडायचा स्थिरांक, राहिला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांचा डावा हात खुर्चीवर आपटला.

"सी! सी... कुठाय?"

आवाज घोगरा, जीभ जड, पण राग अस्सल मास्तरांचा.

"अगंबाई, विसरलेच," म्हणत काकूंनी सी लिहिला. काकांनी 'काय म्हणावं हिला' अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. डोळे लखलखत होते.

मी काकूंना गॅलरीत गाठलं. "काकू, माझ्यापुढे तर सी कधी विसरत नाही तुम्ही."

"एकदाच खरी विसरले होते. तेव्हा हे ओरडले. इतक्या महिन्यांतला पहिला शब्द, मृणाल." त्या खडूचे हात पदराला पुसत राहिल्या. "तेव्हापासून रोज विसरते. पण आता सरावलेत गं, शेवटच्या ओळीची वाटच बघत बसतात. उद्यासाठी एखादी जरा अवघड चूक शिकवून ठेव."