इंगळेकाकांचा बेचाळिसावा अर्ज

खामगावच्या कोर्टात इंगळेकाका हे एकमेव वकील असतील, ज्यांचा सगळ्यात चिवट सामनेवाला एक वेबसाइट आहे.

रोज दुपारी दोनला डबा संपला, हात धुतले, की काका बाररूममध्ये त्यांच्या ज्युनिअरसमोर, म्हणजे माझ्यासमोर, खुर्ची ओढतात. "पोरी, खोल तुह्यं यंत्र. अर्ज द्याचा आहे."

निकाल शोधायच्या त्या वेबसाइटवर अभिप्रायासाठी एक चौकोन आहे. त्यात टाईप मी करायचं आणि डोळे मिटून सांगायचं काकांनी. "अर्जदार नम्रपणे सादर करतो की, सामनेवाल्याने दाखविलेल्या निकालातील पान सात गायब आहे. सबब, सदर पान हजर करण्याचा हुकूम व्हावा." चौकोनात अक्षरं मावतात मोजकी. काकांची नम्रता संपायच्या आत ती संपतात, त्यामुळे एकेक अर्ज चार हप्त्यांत जातो.

उत्तर मात्र लगेच येतं. 'आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद. सपोर्ट टीम.'

"टीम म्हंजे कोन?" काका भडकतात. "त्याले नाव नाही? बापाचं नाव नाही? बिनानावाच्या उत्तराले मी उत्तर मानत नाही!"

काकांच्या आणखीही तऱ्हा आहेत. स्वतःचा फोन नंबर ते खिशातली डायरी काढून, चष्मा लावून, वाचून सांगतात. टेबलावरच्या पाटीवर 'वसंतराव इंगळे, वकील' असं रंगवलंय आणि खाली एक ओळ कोरी आहे. पेंटरचा रंग संपला होता, म्हणतात. मी हे किस्से घरी साभिनय सांगून भरपूर हशा वसूल केला आहे.

पण खरं सांगते, त्या वेबसाइटनं मलाही रडवलंय. पिंपळगाव राजाच्या सुमनबाईंची शेतात जायची वाट शेजाऱ्यानं काटे टाकून बंद केली. पेरणी तोंडावर आलेली. मी 'शेताची वाट अडवली' असं शोधलं, तर राष्ट्रीय महामार्गाचे निकाल हात जोडून हजर. शब्द बदलले, तर रेल्वे फाटक आलं. तिसऱ्यांदा तर तिनं मलाच बाहेर काढून पासवर्ड मागितला. शेवटी एक देखणा निकाल सापडला. नावापुढे हिरवी खूण, म्हणजे अजून लागू. सुनावणीच्या सकाळी तो मी ऐटीत काकांपुढे ठेवला.

काकांनी फक्त पक्षकारांची नावं वाचली. "हा त कवाचाच मेला! मोठ्या बेंचनं पलटवला याले. मयताले साक्षीले घेऊन जाऊन राह्यली काय?"

कपाटातला कुबट वासाचा एक खंड काढून त्यांनी मला जिवंत निकाल दिला. दुपारपर्यंत काटे हटवायचा हुकूम झाला. सुमनबाई काकांच्या पाया पडायला आल्या, तर हे म्हणतात, "पाया पडाचं त शेगावले जाऊन पडा, माय. मीच तुमच्या पडलो असतो, पन गुडघे वाकत नाही."

लगेच बेचाळिसावा अर्ज सुरू झाला. विषय: मयत निकालास हयात दाखविल्याबाबत. मजकूर सांगून काका पाणी प्यायला उठले, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्ट मावशी माझ्याकडे सरकल्या.

"तुले कोनी सांगतलं नाही काय? त्यायचा पोरगा अविनाश हे वेबसाइट चालवनाऱ्या कंपनीतच आहे, पुण्यात. वकील झाला, पन इथं बसत नाही म्हने. चार वर्सं झाली, बापलेकाचं बोलनं बंद आहे."

पाटीवरच्या त्या कोऱ्या ओळीकडे मला बघवेना. घरी केलेल्या नकला आठवून स्वतःचीच लाज वाटली. चौकोनात थोडी जागा उरली होती. काकांना न विचारता मी तिथं लिहिलं, 'अर्जदार रोज दोन वाजता उत्तराची वाट पाहतात.' आणि पाठवून दिलं.

टीमचे धन्यवाद नेहमीप्रमाणे आले. पण तीन दिवसांनी आणखी एक उत्तर आलं. मी मोठ्यानं वाचलं. "आपले म्हणणे बरोबर आहे. सदर निकाल पलटलेला आहे. हिरवी खूण काढली आहे."

"खाली कोन? टीमच?"

"अविनाश वसंतराव इंगळे."

काकांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. मग हळूच म्हणाले, "मधलं नाव लिहेल आहे?"

"आहे, काका. पूर्ण आहे."

"छाप."

समोरच्या पक्षाकडून कागद मिळाला, की त्यावर पोच लिहून सही द्यायची, हा आमच्या कोर्टाचा रिवाज. काकांनी छापलेल्या कागदाच्या तळाशी 'प्रत मिळाली' असं लिहिलं, सही केली, तारीख घातली.

"हे धाडता येते काय त्याले?"

चौकोनात फोटो जात नव्हता. मी म्हटलं, "फोनवर पाठवू, काका. त्याचा नंबर आहे?"

मी त्यांच्या खिशाकडे पाहत थांबले. पण डायरी निघाली नाही. काकांनी दहाच्या दहा आकडे एका दमात सांगितले.