घटक क्रमांक दोन

बासगिटारचा अॅम्प आणि त्याचा स्पीकर बॉक्स यांना सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय एका छताखाली जोडणे हा अलेक्झांड्रिया शहरात दखलपात्र गुन्हा आहे. नियम फार जुना नाही. दोन वर्षांपूर्वी एका लग्नाच्या हॉलमध्ये कुणीतरी चार ओहम मागणाऱ्या अॅम्पला दोन ओहमचा बॉक्स लावला. अॅम्पमधून धूर निघाला आणि त्या धुरात एका उपसचिवांच्या सासूबाईंचा विग कायमचा पिवळा पडला. नुसती आग लागली असती तर चौकशी नेमून भागलं असतं. इथे विगाचा प्रश्न होता, त्यामुळे थेट ध्वनी-अनुरूपता महासंचालनालय स्थापन झालं.

महासंचालनालयाने फॉर्म ब-बारा काढला. मसुदा करणाऱ्या साहेबांना अॅम्प कशाला म्हणतात आणि बॉक्स कशाला, हे कुणाला विचारायची लाज वाटली. म्हणून त्यांनी अख्ख्या फॉर्मात आणि अख्ख्या नियमावलीत 'घटक क्रमांक एक' आणि 'घटक क्रमांक दोन' एवढंच लिहिलं. ते पुढे महागात पडलं, पण साहेब तोवर बढती घेऊन गेले होते.

रिफात हिलमीला या नियमाची झळ कधी लागली नव्हती. तीस वर्षं तो लग्नांत बासगिटार वाजवत होता. त्याचा अॅम्प आणि बॉक्स नियमाच्या आधीपासूनचे, एकोणीस वर्षांचा संसार. पण एका बुधवारी तालमीत बॉक्समधला कागदी कोन टरकन फाटला, आणि पुढच्या गुरुवारी रिफातच्या एकुलत्या एका मुलीचं, युम्नाचं, लग्न होतं. ती सात वर्षांची असताना त्याने तिला शब्द दिला होता, "नवरी होऊन तू हॉलमध्ये पाऊल टाकशील तेव्हा पहिला सूर माझा असेल." बायको गेल्यापासून तो शब्द त्याला जास्तच जड झाला होता.

तेव्हा नवा बॉक्स हवा होता. त्यासाठी रिफात अत्तारीनच्या जुन्या बाजारात दोन दिवस बसला. बॉक्स बोटांनी ठोकून पाहिले, मागची जाळी काढून आतला डिंक हुंगला, आधी हळू वाजवून ऐकले, मग चढवून, मग पुन्हा हळू. शेवटी एक मिळाला, आठ ओहमचा, चारशे वॉट सोसणारा. त्याचा अॅम्प तीनशे वॉटचा, किमान चार ओहम मागणारा. यापेक्षा चांगली जोडी शोधून सापडली नसती.

जावई शोधायला मात्र रिफातला चहाचे दोन पेले लागले होते. हातेमची बंदरात नोकरी होती, लिफ्ट असलेल्या इमारतीत फ्लॅट होता आणि फ्लॅटमध्ये सोळा घनफुटी फ्रिज येऊन उभा होता. दुसरा पेला संपायच्या आत लग्न ठरल्याची फातिहा वाचून झाली.

"बाबा, मला हातेमबद्दल जरा बोलायचंय," बॉक्स घरी आला त्या दिवशी युम्ना म्हणाली.

"बोलू की. आधी ती वायर धर."

शनिवारी बापलेक बॉक्स आणि अॅम्प घेऊन हॉलवर गेले. दारावर पहारेकरी अम्म सुब्ही, म्हणजे सुब्हीकाका, होता. त्याआधी तो एका हॉटेलच्या काउंटरवर होता आणि खोली मागणाऱ्या जोडप्यांकडून लग्नाचा कागद मागण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. त्याने अॅम्पकडे पाहिलं, बॉक्सकडे पाहिलं.

"हे दोघं एकमेकांचे कोण?"

"अम्म सुब्ही, मस्करी पुरे. आत घेऊ दे."

"वेगवेगळे आत न्या, माझी ना नाही. एकत्र न्यायचे तर कागद दाखवा. मागच्या वेळी तुमच्याबरोबर दुसराच बॉक्स होता, उस्ताद. मी विसरत नाही."

रविवारी, तिकडच्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, दोघं महासंचालनालयात गेले. खिडकी क्रमांक चारमागे मादाम इन्साफ कोवळे दुधी आतून पोखरत बसल्या होत्या. दुपारी घरी जाऊन त्यांत भात भरायचा होता. खाती बदलली तरी एकवीस वर्षं त्यांनी नोकरी आणि नवऱ्याचं जेवण एकाच खुर्चीत बसून केलं होतं.

"अॅम्पची याआधी कुणाशी जोडी होती?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"होती. एकोणीस वर्षं."

"पहिल्याचं काय झालं?"

"फाटला."

"मग मृत्यूचा दाखला आणा. पहिली जोडी कागदावर जिवंत असताना दुसरी कशी लावायची? आम्हाला घरंदारं आहेत, उस्ताद."

रिफात धावत जाऊन दुरुस्तीवाल्याकडून दाखला घेऊन आला. मृत्यूचं कारण: दीर्घकाळ दाब. तोवर मादाम इन्साफनी फॉर्म ब-बाराच्या दोन प्रती काढल्या होत्या. एक रिफातने भरली. दुसरी युम्नाने घडी घालून पर्समध्ये टाकली.

"तुला कशाला?" रिफातने विचारलं.

"असू दे," युम्ना म्हणाली. मादाम इन्साफनी पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

सोमवारी सरकारी प्रयोगशाळेत जोडीपूर्व तपासणी झाली. इंजिनियर बसयूनी यांनी बॉक्सला मीटर लावला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"पाटीवर आठ ओहम लिहिलंय. इथे सहा येतात. दोन ओहम लपवलेत."

"साहेब, कुठलाही आठ ओहमचा स्पीकर मीटरवर सहाच दाखवतो. गप्प असताना वेगळं, वाजताना वेगळं."

"म्हणजे गप्प असताना एक आणि वाजायला लागल्यावर दुसरंच?" बसयूनींनी पेन उघडलं. "स्वभावाची निश्चिती नाही, असा शेरा मारतो. आता समितीपुढे या."

परतताना ट्राममध्ये अॅम्प रिफातच्या मांडीवर होता. युम्ना शेजारी उभी होती.

"बाबा, हातेम आवाज चढवतो."

"नवरे चढवतातच गं. तू हा कोपरा धर, वळणावर आपटेल."

तिने कोपरा धरला. रिफातला तेव्हा कळायला हवं होतं. त्याच्याइतके तयार कान शहरात फार थोड्यांना होते. पण ते कान त्या आठवड्यात सरकारी कामात होते.

मंगळवारी अनुरूपता समिती बसली. सभासद तिघे. एक निवृत्त कर्नल, एक मत्स्यपालन खात्यातून चुकून बदली झालेले गृहस्थ आणि बसयूनी. कर्नलसाहेबांनी फॉर्ममधला प्रश्न मोठ्याने वाचला, "घटक एकचा आवाज वाढल्यास घटक दोन सलग किती वेळ सोसू शकेल?"

आणि रिफात बोलायला लागला. हा त्याचा विषय होता. "साहेब, जोर अॅम्पचा असतो, सोसायचं बॉक्सला असतं. म्हणून बॉक्सची कुवत आधी बघायची. अॅम्पला दम नसेल तर तो जास्त ओरडतो, आणि तसला फाटका ओरडा बॉक्सला सगळ्यात वाईट. पुन्हा बॉक्स काही बोलून दाखवत नाही. आतून फाटत जातो, बाहेरून जाळी तशीच छान दिसते. आपल्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. ज्याला कान आहेत त्याने आधीच ऐकायला हवं."

मत्स्यपालनवाल्यांनी डोळे पुसले. समितीने एकमताने रिफातला जागेवरच मानद तज्ज्ञ सभासद नेमलं, बिल्ला दिला आणि सरकारी गरुडाचा गोल शिक्का हातात ठेवला. त्यानंतर कर्नलसाहेबांनी खेदाने कळवलं, की सभासदाचा स्वतःचा अर्ज समितीला विचारात घेता येत नाही. अर्ज ईदनंतरच्या बैठकीत, दुसऱ्या समितीपुढे जाईल. ती समिती अजून नेमलेली नव्हती.

"पण साहेब, लग्न परवा आहे!"

"सभासदाने नियमाचा आदर्श घालून द्यायचा असतो," कर्नल म्हणाले. "बाकी तुम्हाला अधिकार मोठा आहे. मंजुरीला वरपर्यंत सात सह्या लागतात. नामंजुरीला तुमची एकटी पुरते."

गुरुवारी दुपारी चार वाजता रिफात नवा सूट घालून हॉलच्या दारात उभा होता. छातीवर बिल्ला, खिशात शिक्का. अॅम्प आणि बॉक्स समुद्राकडेच्या फुटपाथवर बेवारशासारखे पडले होते. आत अडीचशे पाहुणे, निकाह लावणारे माझून साहेब वही उघडून, आणि मटणाच्या भाताचा वास. पोरीला दिलेला एक शब्द, तोही आपल्याला पाळता आला नाही, याचं त्याला रडू येत होतं.

फुलांनी सजवलेली मोटार थांबली. युम्ना पांढऱ्या झग्यात उतरली आणि सरळ बापाकडे आली.

"बाबा, तुम्ही आता समितीवर आहात ना? माझा एक अर्ज आहे."

फॉर्म ब-बारा होता. सुवाच्य अक्षरात भरलेला. घटक क्रमांक एक: हातेम. घटक क्रमांक दोन: युम्ना रिफात. घटक एकचा आवाज वाढतो का? हो. मी पडदे हिरवे निवडले तेव्हा, फोन उचलायला उशीर झाला तेव्हा, आणि परवा काहीच कारण नसताना. घटक दोनवर होणारा परिणाम? गप्प बसते. सलग किती वेळ सोसू शकेल?

त्या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'बाबांना विचारून सांगते.'

रिफातने तो कागद दोनदा वाचला. मंगळवारी आपणच काय बोललो ते त्याला शब्दन् शब्द आठवलं, आणि ट्राममधला तो कोपराही आठवला. भर लग्नाच्या दारात त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने खिशातून शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली आणि मोटारीच्या टपावर कागद ठेवून गरुड उमटवला. खाली लिहिलं, नामंजूर.

"अम्म सुब्ही," तो म्हणाला, "या दोन घटकांना एका छताखाली जोडायची परवानगी नाही."

अम्म सुब्हीने कागद उजेडात धरला. गरुड खरा होता. तो दारात आडवा उभा राहिला.

हातेम बाहेर आला. त्याने कागद वाचला आणि असा ओरडला, की माझून साहेबांच्या हातातलं पेन पडलं. ओरडा दोन मिनिटं चालला.

"नोंद घ्या," रिफात पाहुण्यांना म्हणाला. "समितीला प्रात्यक्षिक लागतं. ते झालं."

पाहुण्यांत गलका उडाला. "अहो, यंत्रांचं ठीक आहे, माणसांची कुणी अशी तपासणी करतं का?" "मुलगी आहे, सवय होते हळूहळू." रिफातची बहीण तर कपाळावर हात मारून म्हणाली, "रिफात, अरे सोळा फुटी फ्रिज आहे रे तिथे!" मग भात निवतोय असं कुणीतरी म्हणालं, आणि सगळे आधी जेवून घेऊन मग धक्का बसलेल्या चेहऱ्याने घरी गेले.

फुटपाथवर बापलेक उरले. अम्म सुब्हीने आपल्या चौकीतून विजेची एक लांब वायर आणून अॅम्पच्या पाठीशी ठेवली.

"इथे छप्पर नाही," तो समुद्राकडे बघत म्हणाला. "छप्पर नाही तर नियम नाही."

रिफातने अॅम्प बॉक्सला जोडला. पहिला सूर निघाला तेव्हा फुटपाथची फरशी हलकेच हलली. बॉक्स न कुरकुरता वाजत होता. झगा गुडघ्यापर्यंत गोळा करून युम्ना बॉक्सवर बसली आणि आतून आणलेला मटणाचा भात आठ दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

एका स्पीकर बॉक्सला आठवडाभर दाखला न देऊ शकलेल्या महासंचालनालयाने शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, चाळीस मिनिटांत परिपत्रक काढलं. 'घटक' या शब्दात माणसांचा समावेश नाही. उद्या रविवारी कामाच्या वेळेनंतर आलेले तसे अर्ज ग्राह्य धरले जाणार नाहीत.

रविवारी सकाळी रिफात बिल्ला परत करायला गेला, तर रांग खिडकी क्रमांक चारपासून ट्रामच्या थांब्यापर्यंत गेली होती. बहुतेक बाया होत्या. काही नवऱ्या मुली, काही नातवंडांना कडेवर घेऊन आलेल्या. खिडकीमागची खुर्ची रिकामी होती, टोपलीत दुधी तसेच पडले होते. मादाम इन्साफ रांगेत पहिल्या उभ्या होत्या, हातात स्वतःचा फॉर्म घेऊन.

"मादाम, खिडकीवर कोण बसणार मग?" रिफातने विचारलं.

"तुम्ही बसा, उस्ताद. तुम्हाला ऐकता येतं म्हणतात. एकवीस वर्षं झाली, माझं पण एकदा ऐका."

फॉर्म ब-बारा आता छापत नाहीत. त्या रविवारी दुपारपर्यंत चार हजार प्रती संपल्या. भरून परत आल्या फक्त सहाशे. उरलेल्या कुठे गेल्या याचा महासंचालनालय अजून तपास करतंय. तुमच्या स्वयंपाकघरात डब्यांमागे एखादी घडी केलेली सापडलीच, तर आवाज चढवू नका. तेवढ्याने एक रकाना भरला जातो.