गाजलेला प्रामाणिकपणा

खरं काय आणि खोटं काय, हे ठरवण्याचं काम साध्या माणसांवर सोपवलं तर देशाचा कारभार दोन दिवसांत ठप्प होईल, हे सगळ्या सुधारलेल्या राष्ट्रांना पटलेलं आहे. ग्वाटेमालाला जरा लवकरच पटलं. म्हणून तिथे नोटरी असतो. नोटरीने शिक्का मारला की खोटंही खरं होतं, आणि शिक्का नसला तर खऱ्याला कुत्रंही विचारत नाही.

एवढा अधिकार द्यायचा म्हणजे माणूस पारखूनच घ्यायला हवा. अर्जदार देशाचा नागरिक असावा, सज्ञान असावा, कायद्याची पदवी असावी, पाद्री नसावा (पाद्र्याचा मालक वेगळा), तुरुंगात गेलेला नसावा (जायला हवा होता पण गेला नाही, असा चालतो). आणि सहावी अट सगळ्यांत मोठी: त्याचा प्रामाणिकपणा गाजलेला असावा. नुसता प्रामाणिकपणा काय, घरच्या घरी बसून कोणीही करतो. सरकारला त्याचा काय उपयोग? तो गाजलाय असं दोन प्रतिष्ठित साक्षीदारांनी लिहून द्यावं लागतं.

सांता इनेस चिपाक गावच्या एदेल्मिरा चोनायने पहिल्या पाच अटी नऊ वर्षांत पुऱ्या केल्या. तिची ही सगळी धडपड एका शेतापायी होती. सत्तावीस वर्षांपूर्वी तिच्या आईने, बासिलियाबाईने, ओढ्याकाठचं मक्याचं शेत राजीखुशीने विकलं, असा दस्त होता. सतरा ऑगस्टला सकाळी दहा वाजता बासिलिया स्वतः नोटरीपुढे हजर झाली आणि दोन साक्षीदारांदेखत तिने अंगठा उठवला, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्या सकाळी दहा वाजता बासिलियाबाई घरात चटईवर पडून एदेल्मिराला जन्म देत होती. ती दाद मागायला गेली, तेव्हा कोर्टाने मुलीचा जन्माचा दाखला नीट वाचला आणि सांगितलं, ‘यात मूल जन्मल्याची नोंद आहे. त्या वेळी आई हजर होती, असं कुठेही म्हटलेलं नाही.’

तेव्हापासून मायलेकींच्या मनात एकच होतं. पोरीने नोटरी व्हायचं आणि तो दस्त खोटा पाडायचा.

आता साक्षीदार. सुईण तोमासा एदेल्मिराला तिच्या पहिल्या रडण्यापासून ओळखत होती. पण साक्षीदाराला सही यावी लागते, आणि तोमासा अंगठेबहाद्दर. (अंगठ्याने शेत देता येतं, साक्ष देता येत नाही.) शाळेचे गुरुजी तिच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभे राहिलेले, म्हणजे नातलग झाले, बाद. शेजारची तोर्तियावाली, मक्याच्या भाकऱ्या विकणारी, तिला रोज बघायची, म्हणजे तिचं मत निःपक्षपाती राहिलं नव्हतं, तीही बाद. थोडक्यात, ओळखणारे सगळे बाद झाले. उरले न ओळखणारे, आणि त्यांची सोय कोर्टासमोरच्या कमानीखाली एका बाकावर केलेली होती.

बाकावर दॉन क्रिसांतो आणि दॉन ओतोनिएल बसत. क्रिसांतो आजवर चार हजार तीनशे बारा माणसांना लहानपणापासून ओळखत आला होता (त्यांतली एकसष्ट त्याच्याहून वयाने मोठी). ओतोनिएल मितभाषी. चाळीस वर्षांच्या सेवेत त्याने एकच वाक्य वापरलं: “सही कुठे करू?”

“अगं ये, ये! केवढी मोठी झालीस!” एदेल्मिराला आयुष्यात पहिल्यांदा बघत क्रिसांतो म्हणाला.

“तुम्ही ओळखता मला?”

“जन्मापासून ओळखायचं की शाळेपासून, ते तू सांग. दर एकच.”

एदेल्मिराच्या अंगाची लाही लाही झाली. दस्ताखालची दोन नावं तिला लहानपणापासून पाठ होती.

“माझ्या आईच्या कागदावर सह्या करणारे तुम्हीच ना?”

“असू, बाई. कोणाच्या कागदावर नाहीत आम्ही?”

ती तशीच वळली आणि थेट राजधानीला तक्रार ठोकली, की हे भाडोत्री साक्षीदार बंद करा. मग चौदा महिने ती खरा साक्षीदार शोधत फिरली. प्रत्येक जण एक तर तिला ओळखत होता, नाही तर सही करायला कचरत होता. अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती. नंतर पुन्हा पहिल्यापासून परीक्षा. शुक्रवारी दुपारी मान खाली घालून ती बाकापाशी आली.

दोघांना घेऊन ती कोर्टातल्या अर्जांच्या खिडकीपाशी गेली. खिडकीमागचा कारकून आर्नुल्फो फार गोड माणूस.

“बाईसाहेब, आता नुसत्या सहीवर भागत नाही. ओळखीचा लेखी पुरावा लागतो. भाडोत्री साक्षीदारांविरुद्ध कोणीतरी तक्रार केली, त्यावरून परिपत्रक निघालंय.”

त्या ‘कोणीतरी’ने अर्ज खिडकीतून आत सरकवला.

“अहो, आहे की पुरावा!” क्रिसांतो म्हणाला आणि त्याने आतून त्याच जुन्या दस्ताची नक्कल काढून आणली.

आर्नुल्फोने ती वाचली आणि त्याचा चेहरा खुलला. “वा! सतरा ऑगस्ट म्हणजे तुमची जन्मतारीख. त्या दिवशी दॉन क्रिसांतो तुमच्या आईसोबत होते. आई असेल तिथेच मूल जन्मणार. म्हणजे ते तुम्हाला जन्मापासून ओळखतात! फक्त हा दस्त खरा आहे आणि त्याबद्दल माझी कधीही तक्रार राहणार नाही, एवढं तुम्ही लिहून द्या.”

बासिलियाबाई मागेच उभी होती. लेकीचं काम झालं की वाटायला म्हणून तिने टोपलीभर चुचितो करून आणले होते, मक्याच्या पानात गुंडाळलेले, अजून गरम.

“पोरी, त्या दिवशी कळा येत होत्या गं मला. मी कुठली जाते अंगठा द्यायला?”

“आई, एकदा शिक्का हातात येऊ दे. मग बघ.”

“मग काय बघू? मी तिथे होते असं आता तूच लिहून देणार ना?”

“पाच मिनिटांत खिडकी बंद होते,” आर्नुल्फो हळुवारपणे म्हणाला.

बसचं तिकीटसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचणाऱ्या एदेल्मिराने कागद न वाचताच पुढे ओढला आणि विचारलं, “सही कुठे करू?”

ओतोनिएलने बोट ठेवून जागा दाखवली.

आज त्याच कमानीखाली तिची कचेरी आहे. भिंतीवर प्रामाणिकपणा गाजल्याचं प्रमाणपत्र काचेत लावलंय. बाक आता तिच्याच दारात असतो, दोन्ही साक्षीदारांना सावली मिळते. शेत ज्याच्याकडे होतं त्याच्याकडेच आहे, आणि आता ते कायमचं त्याचं आहे. बासिलियाबाई लेकीच्या कचेरीकडे फिरकत नाही. सतरा ऑगस्टला एदेल्मिरा घरी जेवायला गेली, तर चूल थंड.

“आई, आज माझा वाढदिवस.”

“कागदाप्रमाणे मी त्या दिवशी घरी नव्हते,” बासिलियाबाई म्हणाली. “तू कुठे जन्मलीस, ते क्रिसांतोला विचार.”

तुम्हाला एदेल्मिराचा राग आला असेल. यायलाच हवा, तुम्ही सज्जन माणसं. फक्त एक आठवून बघा. मेव्हण्याच्या, शेजाऱ्याच्या, ऑफिसातल्या कोणाच्या तरी कागदावर तुम्ही शेवटची साक्ष घातलीत, तेव्हा त्यात काय लिहिलंय हे विचारलं होतंत, की सही कुठे करू?