खेचरांसाठी झोपणारा माणूस

हार्लन प्रुइटला त्या रविवारी फक्त दोन तास झोप हवी होती. चाळीस वर्षं कागदाच्या गिरणीत रात्रपाळी केलेला माणूस तो. निवृत्त झाला तरी रात्री टक्क जागा राहायचा आणि दुपारी दोनच्या ठोक्याला पेंगायला लागायचा. नेमकं शेजारच्या स्टॅनलीने घराचं छप्पर बदलायला काढलं होतं. चार माणसं हातोडे घेऊन जणू हार्लनच्या उशाशीच ठोकत होती. हार्लनने कानात कापूस घातला, डोक्यावर उशी दाबली, शेवटी न्हाणीघरात जाऊन आडवा झाला. काही उपयोग होईना. मग तो गावातल्या शांत जागा आठवायला लागला. वाचनालय रविवारी बंद. चर्चमध्ये बायकांची केकविक्री. उरलं एकच ठिकाण, जिथे त्या उन्हाळ्यात चिटपाखरूही फिरकत नव्हतं. ते म्हणजे एल्डन फॉल्सचं बेसबॉल मैदान.

एल्डन फॉल्सच्या संघाचं नाव 'म्यूल्स', म्हणजे खेचरं, आणि पोरं नावाला जागत होती. ओळीने अकरा सामने हरली होती. हार्लनला त्याचं सुखदुःख नव्हतं, कारण त्याने आयुष्यात बेसबॉल पाहिलाच नव्हता. मैदानाला दिवे नव्हते, त्यामुळे सामने दुपारी व्हायचे, आणि दुपार ही हार्लनची रात्र होती. त्याने तिकीट काढलं, सावलीतला एक बाक गाठला, गवती टोपी तोंडावर ओढली आणि दुसऱ्या मिनिटाला त्याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा कुणीतरी त्याच्या टकलाचा मुका घेत होतं. समोर एक लालबुंद चेहऱ्याचा धिप्पाड माणूस नाचत होता.

"काय झालं?" हार्लन दचकून म्हणाला. "आग लागली का?"

"जिंकलो!" तो माणूस ओरडला. "गड्या, आपण जिंकलो!"

"कोण आपण?" हार्लनने विचारलं आणि टोपी झटकून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. दारात एक सत्तरी ओलांडलेली, काठीसारखी ताठ बाई उभी होती. या ऑगस्टाबाई क्लेम. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी गणित शिकवलं होतं, आणि उरलेल्या निम्म्यांना त्या बाकावर उभं करून ठेवलेलं आठवत होतं. एकतीस वर्षं म्यूल्सचा एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता.

"काल तुम्ही आमच्या शेजारी झोपला होतात," त्या म्हणाल्या.

हार्लन ओशाळला. "घोरलो असेन. माफ करा बाई, परत नाही येणार."

"खबरदार! बुधवारी दोनला सामना आहे. तुम्ही झोपायला यायचंय."

"मला खेळातलं काही कळत नाही हो."

"कळायची गरजच नाही. तुम्ही तिसऱ्या इनिंगला येऊन झोपलात आणि आमची पोरं मारायला लागली. बेसबॉलमध्ये अशा गोष्टींची चौकशी करायची नसते. करत राहायच्या."

हार्लनने वाद घातला नाही. स्टॅनलीकडे पुन्हा ठोकाठोक सुरू झाली होती. बुधवारी तो गेला, झोपला, म्यूल्स जिंकले. शुक्रवारी त्याचं दातांच्या डॉक्टरकडे काम निघालं आणि म्यूल्स नऊ धावांनी आपटले. रविवारी तो पुन्हा गेला, झोपला, पुन्हा जिंकले. त्यानंतर तिसऱ्या बेसकडच्या, म्हणजे हार्लनचा बाक होता त्या स्टँडमध्ये कुणाच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही.

आता त्याच्या झोपेची व्यवस्था लावणं आलं. ऑगस्टाबाईंनी घरून उशी आणली. तो लालबुंद माणूस, म्हणजे रॉय टिबेट्स, धंद्याने खाटीक होता. त्याने जेवणाची जबाबदारी उचलली. "पोट तुडुंब असलं की झोप कशी झकास लागते," असं म्हणत तो तळलेली कोंबडी आणि बटाट्याचं सॅलड भरलेला डबा हार्लनच्या मांडीवर ठेवायचा. बायको लोरेना गेल्यापासून दोन वर्षं हार्लन विकतच्या बंद डब्यातलं सूप गरम करून उभ्याउभ्या पीत होता. त्याने पहिल्या दिवशी चार तुकडे खाल्ले आणि डोळ्यांत पाणी आलं ते मिरपुडीमुळे असं सांगितलं.

मग आवाजाचा प्रश्न आला. रॉयची आरोळी नदीपलीकडच्या गावात ऐकू जायची. त्याला तंबी मिळाली. आनंद अनावर झाला की तो स्वतःची टोपी तोंडात कोंबायला लागला. शेंगदाणेवाला लेनी कानाशी वाकून कुजबुजायचा, "भाजलेले, गरम गरम." टाळ्यांऐवजी रुमाल हलवायचं ठरलं. हळूहळू संघ जिंकायला लागला तशी गर्दी वाढली, आणि नव्या माणसाला दारातच बजावलं जाई, "हळू बोला, तो झोपलाय."

याचा परिणाम पाहुण्या संघांवर झाला. हजार माणसं रुमाल हलवतायत आणि हूं की चूं नाही, हे पाहून त्यांच्या पिचरांची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांची, फेक भरकटायला लागली. एका प्रशिक्षकाने अंपायरला हळूच विचारलं, "या गावात कुणी वारलंय का?" अंपायरलाही खात्री नव्हती, पण त्याने आपली टोपी काढून छातीशी धरली. म्यूल्सनी त्या इनिंगमध्ये सहा धावा काढल्या.

स्टॅनलीचं छप्पर केव्हाच पुरं झालं होतं. हार्लन आता घरी पाय ताणून झोपू शकला असता. ही गोष्ट त्याने कुणालाही सांगितली नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि जुलैच्या मध्यावर घोटाळा झाला. एका दुपारी हार्लनच्या नाकावर माशी बसली, त्याचा डोळा उघडला. मैदानावर म्यूल्सचा एक पोरगा बेस, म्हणजे धावपटूने थांबायचा टप्पा, सोडून चोरपावलांनी पुढे सरकत होता. पिचर त्याच्याकडे बघत होता, न बघितल्यासारखं करत होता, पुन्हा बघत होता. पोरगा आणखी एक पाऊल सरकला. हार्लनने श्वास रोखला. आणि पिचरचा हात हलताच पोरगा जो सुटला, तो धुळीत लोळण घेत पुढच्या बेसला जाऊन चिकटला. हार्लनच्या छातीत धडधडायला लागलं. त्या दिवसापासून त्याची दुपारची झोप उडाली ती उडालीच.

आता आली का पंचाईत! तो वाचनालयातून बेसबॉलची पुस्तकं आणायला लागला. बाहेरगावचे सामने रेडिओला कान लावून ऐकायला लागला. कुठला फलंदाज डावखुऱ्या पिचरसमोर गडबडतो हे त्याला पाठ झालं. पण बोलायचं कुणाशी? या लोकांना झोपणारा हार्लन हवा होता. ते कोंबडी वाढत होते ती झोपेला. जागा झालेला हार्लन म्हणजे नुसता एक म्हातारा, आणि तसे गावात पुष्कळ होते. हे कळलं तर आपण पुन्हा स्वयंपाकघरात सूपाच्या भांड्यापाशी उभे राहणार.

म्हणून त्याने झोपेचं सोंग घेतलं. गवती टोपी तोंडावर, मान एका बाजूला, टोपीच्या विणीतून एक डोळा मैदानावर. पूर्ण ऑगस्ट तो असा बसला. चांगला फटका बसला की बुटातली बोटं आवळायचा, सोपा झेल सुटला की जीभ चावायचा. ज्या दोन सामन्यांत म्यूल्स हरले, त्या दोन्ही वेळी घरी जाऊन त्याला जेवण गेलं नाही. सामना संपला की ऑगस्टाबाई त्याच्या खांद्याला हलकेच हात लावून म्हणायच्या, "उठा, जिंकलो." आणि तो डोळे चोळत, सबंध सामना पाठ असूनही, विचारायचा, "हो का? किती धावांनी?"

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी शेवटचा सामना होता. जिंकला तर म्यूल्स एकवीस वर्षांनी अंतिम फेरीत जाणार होते. गाव लोटलं होतं, आणि तरी लेनीच्या शेंगा फुटल्याचा आवाज ऐकू येत होता. नववी, म्हणजे शेवटची इनिंग आली. म्यूल्स एका धावेने मागे, दोघं बाद, तिसरा बाद झाला की खेळ खलास, दोन धावपटू बेसवर. बॅट घेऊन उभा होता डेव्हॉन नावाचा एक लुकडा पोरगा. पिचर डावखुरा होता आणि डावखुऱ्यासमोर डेव्हॉन गडबडतो, हे टोपीखाली हार्लनला माहीत होतं. त्याने मनातल्या मनात लोरेनाला हाक मारली.

डेव्हॉनने बॅट फिरवली. असा टणत्कार हार्लनने अख्ख्या मोसमात ऐकला नव्हता. चेंडू उंच, आणखी उंच, कुंपणाच्या दिशेने निघाला. आणि हार्लन प्रुइट ताडकन उभा राहिला. टोपी एकीकडे, उशी दुसरीकडे. "जा!" त्या शांत मैदानात तो बेंबीच्या देठापासून ओरडला. "जा, जा रे माझ्या राजा! पळा गाढवांनो, बघत काय बसलात!"

पाहुण्यांच्या क्षेत्ररक्षकाने कुंपणाला पाठ टेकवली, उडी मारली आणि चेंडू हातमोज्यात घेऊन खाली आला. मोसम संपला.

स्टँडमधली सगळी माणसं हार्लनकडे बघत होती. त्याचे हात अजून वर होते. त्याने ते सावकाश खाली घेतले.

"माझ्यामुळे झालं," तो म्हणाला. "मी जागा होतो. आजच नाही, किती दिवस जागा आहे. तुम्हाला फसवलं मी."

"चौदा जुलैपासून," ऑगस्टाबाई म्हणाल्या.

"काय?"

"चौदा जुलैपासून जागे आहात. अहो, झोपलेला माणूस टोपीखालून अंपायरला शिव्या देतो का? तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू येत होत्या."

"त्यातली एक तर मलाही नवीन होती," रॉय म्हणाला.

हार्लन मटकन खाली बसला. "मग बोलला का नाहीत?"

ऑगस्टाबाईंनी पहिल्यांदाच नजर चुकवली. "बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असता, आता माझं इथे काय काम. आणि घरी बसला असता. तुम्हाला त्या टोपीखाली रंगलेलं बघायची आम्हाला सवय झाली होती."

"पण मग एवढी शांतता कशाला पाळलीत? दोन महिने?"

"ते होय?" ऑगस्टाबाईंनी रॉयकडे बोट दाखवलं. "एकतीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस गप्प बसला होता. ते सुख सोडवेना हो."

तिसऱ्या बेसकडचा स्टँड खदखदून हसला. दोन महिने दाबून ठेवलेलं हसू होतं ते, आणि मैदानातली पडल्या चेहऱ्याची पोरंसुद्धा वर बघायला लागली. मग रॉयने आरोळी ठोकली, नदीपलीकडे पोचणारी, आणि गर्दीने उभं राहून हरलेल्या पोरांसाठी टाळ्या वाजवल्या, खऱ्या, तळहात लाल होईपर्यंत.

गर्दी पांगली तरी हार्लन उठला नाही. त्याला या माणसांचे आभार मानायचे होते. कोंबडीचे, उशीचे, न बोलल्याचे. "तुम्ही माझ्यासाठी," असं म्हणून त्याने सुरुवात केली आणि समोरच्या रिकाम्या मैदानाकडे बघितलं. तेव्हा तो भलतंच बोलला. "सातव्या इनिंगला पिचर बदलायला हवा होता. त्याचा हात थकला होता, स्पष्ट दिसत होतं."

"तेच म्हणते मी!" ऑगस्टाबाई म्हणाल्या. "पण तुम्हाला तिथे दिसलं काय नेमकं?"

"तिथून नको," रॉय डबा उघडत म्हणाला. "चौदा जुलैपासून सांग. रात्री जेवायला माझ्याकडेच चला सगळे."

हार्लनने कोंबडीचा एक तुकडा उचलला आणि त्या चोरपावलांनी सरकणाऱ्या पोरापासून सांगायला सुरुवात केली.