मूळ स्थितीतले बदक

घर ज्या स्थितीत घेतले त्याच स्थितीत परत द्यावे, असे करारनाम्याच्या बाराव्या कलमात लिहिलेले होते. चित्रकलेच्या मास्तरांनी तीन वर्षांपूर्वी सही करताना ते वाचले होते. यात आक्षेप घेण्यासारखे काहीच नाही, असे तेव्हा त्यांचे मत झाले होते. मास्तर तेव्हा वयाने लहान होते.

आज सामान ट्रकमध्ये भरून झाले होते. मास्तरांची बायको तुळतुळीत पुसलेली कुंडी मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसली होती. मालकांकडून ‘चांगला भाडेकरू’ असल्याचे पत्र तेवढे घ्यायचे राहिले होते. ते संध्याकाळपर्यंत दाखवले नाही, तर नव्या घराची किल्ली दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती.

मालक यादी घेऊन आले. ते निवृत्त स्टोअरकीपर. चाळीस वर्षांत त्यांच्या भांडारातून एक टाचणी गहाळ झाली नव्हती, आणि एक वापरलीही गेली नव्हती.

“नळ, स्वयंपाकघरातला, ठिबकणारा, एक,” त्यांनी वाचले आणि नळाखाली हात धरला. हात कोरडाच राहिला. “ठिबक कुठाय?”

“दुरुस्त केला ना मालक! पहिल्याच महिन्यात,” मास्तर शाबासकीच्या अपेक्षेने म्हणाले.

“कुणाला विचारून?”

“तुम्हालाच विचारलं होतं. तुम्ही अकरावं कलम दाखवलंत.”

अकरावे कलम दुरुस्तीच्या जबाबदारीचे. भाडेकरूने मोडलेले भाडेकरूने दुरुस्त करावे. आपोआप मोडलेले आपोआप दुरुस्त होईपर्यंत उभय पक्षांनी संयम बाळगावा.

“मग? बाळगलात संयम?”

मास्तरांनी मान खाली घातली. तेवढ्यात मालकांनी न्हाणीघराचे दार ढकलले. यादीप्रमाणे ते ‘करकरणारे’ होते. दाराने चकार शब्द काढला नाही.

“तेल पाजलंत?”

“थेंबभरच.”

“आणि ही भिंत? ‘ओलीचा डाग, एक, बदकासारखा.’ बदक काय केलंत?”

“गळका पाइप बदलला, वरून रंग दिला. मालक, अहो, घर सुधारलं की हो!”

“तेच तर. मोडलं असतंत तर अकराव्या कलमात बसवलं असतं. सुधारल्याला कलमच नाही. तीन वस्तू गहाळ आहेत मास्तर. त्या आणा, पत्र न्या.”

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. वाद घालण्यात अर्थ नव्हता. मास्तरांनी प्लंबरला बोलावून काम सांगितले. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

“तीस वर्षं गळती बंद करतोय,” तो गहिवरून म्हणाला. “गळती लावायचं काम आजवर केलं नाही. म्हणजे, मुद्दाम नाही.”

पण कारागीर मोठा. त्याने चांगला वायसर काढून पिशवीतला झिजका बसवला. मालक घड्याळ घेऊन उभे राहिले.

“मिनिटाला बावीस थेंब पडायचे. हे चाळीस आहेत. मला गळती हवीय, नासधूस नकोय.”

चौथ्या वायसरला बावीस थेंब लागले. दाराच्या बिजागऱ्यांत वाळू भरली, तसे तेही जुन्या स्वरात रडू लागले. राहिले बदक.

मास्तरांनी डागाच्या रंगासाठी शेजारून कोरा चहा उकळून आणला आणि ट्रकमधला कुंचला काढून हाती धरला. वीस वर्षे ते मुलांना बदक शिकवत होते. त्यांनी भिंतीवर डाग रंगवला. मालक दोन पावले मागे गेले.

“मान आखूड झाली. पुसा, पुन्हा काढा.”

हेच वाक्य मास्तरांनी आजवर किती मुलांना ऐकवले असेल, त्याला सुमार नव्हता. त्यांनी पुसले, पुन्हा काढले. दुसऱ्या बदकाची शेपटी उर्मट होती, तिसरे ओले वाटत नव्हते.

“अहो, येताय की मी जाऊ?” बायको ट्रकच्या खिडकीतून ओरडली.

“बदक काढतोय!”

“सामान बांधून झाल्यावर?”

सहावे बदक पसंत पडले. इतके हुबेहूब, की मास्तरांचा हात सवयीने खालच्या कोपऱ्यात गेला.

“सही नको,” मालक म्हणाले. “मूळ डागावर नव्हती.”

मग त्यांनी खुशीने पत्र लिहून दिले: ‘सदर भाडेकरूने तीन वर्षांत घरात कसलीही सुधारणा केल्याचे आढळून येत नाही. सबब, उत्तम भाडेकरू म्हणून शिफारस करण्यात येत आहे.’ नव्या मालकीणबाईंनी ते वाचून किल्ली लगेच हातावर ठेवली. म्हणाल्या, असा माणूस हल्ली मिळत नाही.

नव्या घरात चौथ्याच दिवशी नळ ठिबकू लागला.

“अहो, वायसर बदला,” बायको म्हणाली. “पाच मिनिटांचं काम.”

“हात लावू नकोस!” मास्तर धावत आले. त्यांनी नळाखाली बादली ठेवली, थेंब मोजले आणि वहीत नोंद केली. मग समोर खुर्ची टाकून संयम बाळगत बसले.

वाचक मास्तरांना हसतील, हे आम्ही जाणतो. खुशाल हसा. पण मास्तरांची निदान करारनाम्यावर सही आहे. तुमच्या स्वयंपाकघरातला नळ दोन वर्षे ठिबकतोय, आणि घर तर तुमच्या स्वतःच्या नावावर आहे. बादली भरली असेल. बघून या.